दुसऱ्या दिवसाची सायकल

“हवालदार, बास झालं. उतरा आता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“अजून जमतंय, मॅडम,” आमचे हवालदार मुसक्यातून बोलले.

मुसकंच म्हणायचं ते. मळणीच्या बैलाला बांधतात तसलं रबरी मुसकं त्यांच्या नाकातोंडावर आवळलं होतं. छातीवर जागोजागी वायरी चिकटवलेल्या, आणि बुडाखाली सायकल. सायकल जागची हलत नव्हती, पण हे मात्र ती अंधार पडायच्या आत हिमालयात पोचवायची आहे अशा ईर्ष्येनं पायडल मारत होते. पुण्यातलं मोठं इस्पितळ, गार खोली. कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन मी बसलेली.

सायकल थांबली. सिस्टरनं मुसकं काढलं. हवालदार खाली उतरले, ताठ उभे राहिले, फौजेत विश्राम म्हटल्यावर बांधतात तसे दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि हसले.

“काही त्रास होतोय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही, मॅडम. एकदम फिट.”

डॉक्टरीणबाई पुढं होत्या, त्यांना हसणं दिसलं. मी मागं होते, मला हात दिसले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं, आणि तरी दोन्ही हात पीठ चाळताना चाळण हलावी तसे हलत होते.

हवालदार म्हणजे माझे मालक. नाव मी उखाण्याशिवाय घेत नाही, पण गावात त्यांना सर्जेराव खोत म्हणतात. मी सुगंधा. चौथीतनं शाळा सुटली माझी. तोंड मात्र माझ्यापाशीच राहिलं, ते जन्मापासूनच धारेचं आहे, आणि त्याबद्दल मला कधी कुणाची माफी मागावी लागलेली नाही.

हवालदार फौजेतून पेन्शनीवर आले तेव्हा गावानं हलगी लावून वेशीतनं घरी आणलं. पुढं सहा महिन्यांत तेच गाव कुजबुजायला लागलं. व्हायचं असं, की हा माणूस एक दिवस दोन गड्यांचं काम करायचा. बांध घालायचा, विहिरीतला गाळ काढायचा. आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरुणाला खिळायचा. ताप नाही, खोकला नाही, कुठं सूज नाही. नुसता पडून. पाण्याचा तांब्या उचलायचा तर दोन्ही हातांनी. डोकं जड, अंग असं दुखायचं की पांघरूण नको म्हणायचे. मग चारसहा दिवसांनी उठायचे, आणि लाज वाटून पुन्हा दोन गड्यांचं काम करायचे.

दवाखाने का कमी केले? पण दवाखान्याला जायचं म्हटलं की हे आदल्या दिवसापासून पडून राहायचे, अंगात थोडं बळ साठवायचे. सकाळी घोटून दाढी, बुटाला पालिश, छातीवर पदक. डॉक्टरपुढं असे उभे राहायचे जसं काही तो यांना नव्यानं भरती करून घेणार आहे. डॉक्टरनं रक्त बघावं, छातीचा फोटो काढावा आणि म्हणावं, यांना काही झालेलं नाही. हे खूश होऊन परत यायचे. आणि घरी आले की आडवे.

माझी थोरली जाऊ शालन म्हणायची, “भावजींचं दुखणं पण कसं, कामाचा दिवस बघून येतंय.”

मी म्हणायची, “आक्का, तुमचं कामच कुठं दिसत नाही, म्हणून तुम्हाला दुखणं येत नसंल.”

ते ठीक होतं, ते माझ्या तोंडाला पेलणारं होतं. पण गेल्या हंगामात गुऱ्हाळावर जे झालं ते पेलणारं नव्हतं. आमचं गुऱ्हाळ भावकीचं, थोरले दीर चालवतात. हवालदारांनी एक अख्खा दिवस काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारली, जाळ धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळत होता, हे काठावर उभे राहून तो ढवळत होते, आणि गुडघ्यातनं गेले. अलीकडं पडले म्हणून आज मी ही गोष्ट सांगते आहे. पलीकडं पडले असते तर उकळत्या रसात गेले असते.

लोक काय म्हणाले? तर म्हणाले, झोकली असणार. मिल्ट्रीच्या कोट्याची बाटली. आता हा माणूस थेंबाला शिवत नाही. यांच्या कोट्याची बाटली संपवतात थोरले दीर, आणि झिंगल्याचं नाव मात्र यांच्यावर.

त्यानंतर यांच्या फौजेतल्या एका ओळखीच्या माणसाचा निरोप आला, की पुण्यात शर्वरी बेडेकर म्हणून डॉक्टरीणबाई आहेत. ज्यांचं दुखणं कुठल्याच तपासणीत सापडत नाही अशा माजी सैनिकांना त्या तपासतात. हवालदार नाही-होय करत तयार झाले, पण आधी मला बजावलं, “हे शेवटचं. यांनी पण काही नाही म्हटलं, तर पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाही. दिवाळी झाली की मी गुऱ्हाळाला जाणार. काहिलीवर उभा राहून दाखवणार एकेकाला.”

म्हणून मी स्टुलावर बसून ते हात बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काहील उकळत होती.

“छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता आराम करा. उद्या सकाळी परत याच वेळेला या. हीच सायकल, परत.”

हवालदारांचं हसू मावळलं. “उद्या कशाला? आज पास झालो की.”

“ही परीक्षा नाही हो, हवालदार साहेब. मला आजची आणि उद्याची तुलना करायची आहे.”

“मॅडम, एकदा पळून पास झालेल्या जवानाला दुसऱ्यांदा पळवत नाहीत. कुठंच नाही. आम्ही दुपारच्या एसटीनं निघतो.”

आणि बाहेर गेले सुद्धा. त्या व्हरांड्यात खटाव भागातले एक सुभेदार होते, बाबर नावाचे. त्यांचंही दुखणं असलंच, त्यांचीही सायकल सकाळीच झालेली. दोघं भिंतीला टेकून एकमेकांना आपापली शौर्यगाथा सांगायला लागले.

“मी तर थांबायलाच तयार नव्हतो,” सुभेदार म्हणाले.

“मला तर ओढून उतरवलं,” हवालदार म्हणाले.

दोघांतल्या एकाचीही पाठ भिंतीवरनं सुटत नव्हती. भिंत नसती तर दोन्ही शूर फरशीवर असते.

मी आत वळले. डॉक्टरीणबाई टेबलाशी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

“मावशी, त्यांना थांबवता येईल का? सगळे असंच करतात. पहिल्या दिवशी जीव तोडून सायकल मारतात आणि घरी जातात. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढंच चालवतो. यांच्या दुखण्यात दुसऱ्या दिवशी घसरण होते असा माझा कयास आहे. पण ती मला दाखवायला कुणी थांबतच नाही. बाबर साहेबसुद्धा निघाले.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत हे?”

“सांगितलं की. ते म्हणाले, मॅडम, घसरणारे वेगळे.”

मी पिशवी स्टुलावर ठेवली. “मला बसवा सायकलवर.”

“काय?”

“निरोगी माणूस पाहिजे ना तुम्हाला? ही बघा उभी आहे.”

बाई हसायला लागल्या. “मावशी, माझ्या अभ्यासात फक्त माजी सैनिक आहेत. तुमचा आकडा मला धरता येणार नाही.”

“तुम्ही नका धरू. मला धरायचाय.”

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. हुशार बाई, दुसरा प्रश्न विचारला नाही. आधी माझं ब्लडप्रेशर बघितलं, ईसीजीची पट्टी काढली, मग सिस्टरला म्हणाल्या, “चढवा मावशींना.”

सिस्टर माझ्या लुगड्याकडं बघून म्हणाली, “अहो, पण या साडीत?”

“तुझ्या त्या सहावारीत जमलं नसतं. हे नऊवारी आहे. यात बायकांनी घोडे हाकलेत,” मी म्हटलं, आणि काष्टा ओढून बसले.

सायकलला मी आधी हात सुद्धा लावला नव्हता. पण ही पडणारी नव्हती, मग भ्यायचं कशाला? सुरुवातीला हलकी लागली. मग दर मिनिटाला कुणीतरी मागनं धरून ठेवल्यासारखी जड होत गेली. मुसक्यात माझाच श्वास मला जात्याच्या घरघरीसारखा ऐकू येत होता. दाराच्या काचेला दोन नाकं चिकटली, एक हवालदारांचं, एक सुभेदारांचं. मला बघून दोघं असे हसत होते की दुखणं विसरले असावेत.

उतरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी किती जोर निघाला त्याचा आकडा सांगितला. हवालदारांच्या आकड्यापेक्षा बराच खाली.

दार उघडून हवालदार आत आले. चेहरा असा, जसं दुसरं पदक मिळालं. “काय वो सुगंधाबाई, उतरला का तोरा? फौजेच्या पायांशी बरोबरी करायला निघालीसा!”

“आज पहिलाच दिवस होता माझा,” मी पदरानं तोंड पुसत म्हटलं. “आता कळलं मला ते यंत्र. उद्या तुम्हाला मागं टाकते.”

“तू? मला?”

“मी. तुम्हाला. उद्या सकाळी.”

“अगं पण आपण दुपारच्या एसटीनं...”

“जावा की एसटीनं. मी कुठं अडवलंय? मी उद्या येते मागनं. गावात विचारलं तर सांगीन, हवालदार बायकोला भिऊन एक दिवस आधी आले.”

सुभेदार बाबर खो खो हसले. मी त्यांच्याकडं वळले. “आणि सुभेदारसाहेब, तुम्ही पंच. पंचाला निघून जाता येत नाही.”

“मी कशाला मधे, वहिनी?”

“का? तुमची पण मंडळी सायकल चालवते काय?”

झालं. दोघांनी एसटी सोडली.

संध्याकाळी आम्ही सैनिकांच्या विश्रामगृहावर उतरलो. मी घरनं आणलेली भाकरी आणि लसणाची चटणी सोडली. हवालदारांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावताचावता थांबले, जसं जबड्याला पण आता रजा पाहिजे होती. चटणी इतकी तिखट होती, पण डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. बुटासकट आडवे झाले, बूट मी ओढून काढले. शेजारच्या खोलीतनं सुभेदारांचा कण्हण्याचा आवाज येत होता. मी जेवले, दोघांच्या वाटणीचं जेवले, कारण सकाळी मला सायकल मारायची होती.

सकाळी उठून बघते तर हे खाटेच्या कडेला बसलेले, एक पाय बुटात आणि नाडी हातात. नुसती हातात. बोटं ती ओवायला तयारच नव्हती. मी खाली बसले आणि नाड्या बांधल्या.

“ढिली बांधलीस,” ते म्हणाले.

“मग तुम्ही बांधा.”

त्यांनी दुसरा पाय पुढं केला.

विश्रामगृह ते इस्पितळ दोन गल्ल्यांचं अंतर. पण त्या सकाळी हवालदारांनी वाटेतल्या दर दुकानाची पाटी थांबून वाचली. चष्म्याचं दुकान, गाद्यांचं दुकान, झेरॉक्सचं दुकान, सगळं मोठ्यांदा. इतकं वाचन शाळेत केलं असतं तर कर्नल होऊन आले असते. दर पाटीला मीही थांबले, आणि एकदाही चला म्हटलं नाही. मागनं सुभेदार येत होते, ते आमच्या वाचून झालेल्या पाट्या वाचत होते.

पहिली मी बसले. मांड्या ठणकत होत्या, सायकलीची सवय कुठली. पण पायडल फिरत राहिलं. उतरले तेव्हा आकडा कालच्याच आसपास, केसभर जास्तच. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

मग हवालदार.

सुरुवात ऐटीत झाली. थोडा वेळ गेला आणि त्यांची मान पुढं आली. काल जिथं ते गप्पा मारत होते तिथं आज खांदे वरखाली व्हायला लागले. पडद्यावरच्या रेघा बघून डॉक्टरीणबाई सिस्टरला काहीतरी खुणावत होत्या. हवालदारांनी मूठ आवळली, दात खाल्ले, पुन्हा जोर लावला. पाय फिरेना. फिरवायचाच म्हणून फिरवला. मुसक्याच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते डोळे माझ्याकडं वळले.

माझ्या तोंडात शब्द तयार होता. उतरा वो, मरू दे ती सायकल. जन्मभर ज्या तोंडाला मी लगाम घातला नाही, ते तोंड मी पदराचा बोळा करून दाबून धरलं. मी उतरवलं असतं तर बायकोनं उतरवलं असं झालं असतं. पुढं आयुष्यभर तेच म्हणाले असते, आणि दिवाळी झाली की काहिलीवर उभे राहिले असते.

डॉक्टरीणबाईंची नजर पडद्यावरनं हलली नाही. सुभेदार दाराची चौकट धरून उभे होते.

हवालदारांनी हँडलवरचा एक हात उचलला.

“मॅडम,” मुसक्यातनं आवाज आला. “नाही जमत.”

सिस्टरनं धरून उतरवलं. उभे राहिले, ताठ व्हायला गेले, आणि सवयीनं दोन्ही हात पाठीमागं निघाले. निम्म्यात थांबले. मग त्यांनी ते हात पुढं आणले आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर धरले. थरथरते, जसे होते तसे.

“हे बघा, मॅडम. हे असं होतं. करतो त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “कधीपासून?”

“बर्फातल्या पोस्टिंगवरनं खाली उतरलो तेव्हापासनं.”

“इतकी वर्षं? कुठल्या डॉक्टरला सांगितलं नाहीत?”

“मला ज्या दिवशी विचारायचे,” हवालदार म्हणाले, “त्या दिवशी मी बरा असायचो.”

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रातनं निघालेला कागद कालच्या कागदाशेजारी ठेवला, आणि एकदम खळखळून हसल्या. “हेच! हेच मला कुणी दाखवत नव्हतं!”

“मी फेल झालो आणि तुम्ही हसताय, मॅडम?”

“फेल नाही झालात. सापडलात.” मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. आपलं अंग म्हणजे बारीक बारीक पेशी. दर पेशीत त्याहून बारीक भट्ट्या. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास त्या भट्ट्यांत जळतो आणि त्याचं बळ होतं. त्या भट्ट्यांचं नाव मायटोकॉन्ड्रिया. नाव मी तेव्हा सातआठ वेळा म्हणवून घेतलं, अजून पाठ आहे. काही सैनिकांत या भट्ट्या नीट पेटत नसाव्यात, असं त्यांना आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींना वाटत होतं.

“म्हणजे चिपाडं आहेत,” मी म्हटलं, “पण चुलवाण धुमसतंय.”

“तसंच काहीसं. आहे ते बळ पहिल्या दिवशी जिद्दीवर खर्चून टाकतात. मग दुसऱ्या दिवशी ते भरून येत नाही. हे कशानं झालं ते मला अजून ठाऊक नाही, मावशी. बरं करणारं औषधही आज माझ्याकडं नाही. पण हे सोंग नाही, आणि आळस तर नाहीच. हे मी लिहून देईन, सहीशिक्क्यानिशी.”

“मग करायचं काय?” हवालदारांनी विचारलं.

“अंगात आहे त्याच्या निम्मंच काम करायचं. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं. जमेल?”

“ते सगळ्यांत अवघड आहे, मॅडम.”

“म्हणून तर हवालदाराला सांगतेय.”

इतक्यात दारातनं सुभेदार बाबर पुढं आले. गेला दिवसभर आणि रात्रभर टिकवलेला ताठा त्यांनी चपलेसारखा दाराशीच काढून ठेवलेला दिसत होता. “मॅडम, आता माझं पण बघा. खरं खरं.”

परतीच्या एसटीत हवालदार खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं झोपले. कऱ्हाडच्या पुढं गेल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, “सुगंधे, तुला मला हरवायचंच होतं नव्हं?”

“मग काय, मिरवायला बसले होते?”

“पण पहिल्या दिवशी मीच पुढं होतो.”

“होतासा.”

“बराच पुढं.”

“बराच,” मी म्हटलं. एवढं मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण तेव्हा घेतलं. आणि दुसरीकडं तोंड करून डोळ्यांत गेलेला धुरळा काढत बसले. खिडकी बंद होती.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ पेटलं. थोरल्या दिरांनी हाक मारली, “सर्जा, ये, जाळ धर!” सगळे गडी बघत होते. डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या कनवटीला होता, कुणी बोललं तर तोंडावर फेकायला. पण हवालदार गेले, चुलवाणापाशी थोडी चिपाडं सारली, घामाचा थेंब यायच्या आधीच हात झटकले आणि लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. आरामात, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून.

शालनबाई रसाचा तांब्या घेऊन चालल्या होत्या. थांबल्याच. “काय भावजी, आज हंगामाचा पहिला दिवस, आणि आजच बसलात?”

माझं उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक, धार लावून ठेवलेलं, पुण्याहून निघाल्यापासून घोटलेलं. मी कमरेवर हात ठेवून पुढं झाले.

“वहिनी,” हवालदार म्हणाले, “आज बसलोय म्हणून उद्या उठणार आहे. तो तांब्या द्या इकडं.”

शालनबाईंनी तांब्या दिला. त्यांनी तो एका हातानं घेतला.

दुसऱ्या दिवशी ते उठले. तिसऱ्या दिवशीही. सगळेच दिवस काही तसे आले नाहीत, अजूनही येत नाहीत. पण काहिलीच्या काठावर ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. लिंबाखाली खुर्ची अजून असते, आणि तिथनं ते साऱ्या गुऱ्हाळाला हुकूम सोडतात.

माझं ते उत्तर मात्र वाया गेलं. इतकं चांगलं उत्तर पुन्हा मला सुचलेलं नाही.